जांभूळ की मोरपंख: घोडबंदर रस्त्यावरच्या एका भिंतीचं प्रकरण

घोडबंदर रस्त्याला, मानपाड्याच्या पुढे, अकराव्या मजल्यावरचं दोन बेडरूमचं घर. हॉलला एकच मोठी खिडकी, पश्चिमेची, आणि तिच्यातून समोर येऊरचा डोंगर. रंगवायची होती फक्त एक भिंत, दक्षिणेची: ११ फूट लांब, साडेनऊ फूट उंच. तिच्यापुढे काकूंचा, म्हणजे घरातल्या सासूबाईंचा, सागवानी दिवाण. बाकीच्या तीन भिंती मोतिया होत्या आणि तशाच राहणार होत्या. काम एवढंसं, पण घरांचे रंग ठरवून द्यायचं काम करणाऱ्या मला बोलावलं गेलं ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, कारण दोन रंगांमधला एक निवडता निवडता त्या घराचे तीन आठवडे गेले होते.

दोन्ही रंग गडद, दोन्ही काळपट निळे, शेड कार्डावर एकाखाली एक. पहिला किंचित जांभळ्याकडे झुकणारा, दुसरा किंचित हिरव्याकडे. घरातल्या सात वर्षांच्या नातवाने त्यांना जांभूळ आणि मोरपंख अशी नावं देऊन टाकली होती. इथे मीही तीच वापरते, कारण रंग कुठल्या बाजूला झुकतो हे त्या नावांतच आहे. गोखले रोडजवळच्या दुकानात पांढऱ्या ट्यूबखाली कार्ड धरलं तेव्हा दोघांतला फरक सांगायला मला चांगला अर्धा मिनिट लागला. मी ही कामं रोज करते, तरी.

काकू बहात्तर वर्षांच्या. त्यांना मोरपंख हवा होता. सुनेला जांभूळ. मुलगा म्हणत होता, "दोन्ही सारखेच तर दिसतात, कुठलाही लावा." त्यामुळे दोघीही त्याच्यावर नाराज होत्या.

मी दिवाणावर टेकले न टेकले तोच काकू म्हणाल्या, "अगं, तो जांभूळ भिंतीवर अगदी वांग्यासारखा दिसतो. वांगं काय हॉलमध्ये लावायचं?" रात्री सून ऐरोलीहून ऑफिस संपवून आली, तिचं म्हणणं वेगळं: "ताई, आईंचा रंग लावला ना, तर हॉलमध्ये शाळेचा फळा लावल्यासारखं होईल."

वांगं आणि फळा. हे दोन शब्द मी वहीत लिहून घेतले आणि पुढचं सगळं काम त्यांच्याच आधाराने झालं. कुणी नुसतं "आवडत नाही" म्हटलं तर माझ्या हाती काही लागत नाही. "वांग्यासारखा दिसतो" म्हणणाऱ्या माणसाने मात्र काहीतरी पाहिलेलं असतं. वांग्यात तांबूस-जांभळी छटा असते, घासून जुन्या झालेल्या फळ्यात हिरवट. म्हणजे दोन्ही रंगांचा झुकाव दोघींनी बरोबर ओळखला होता. मग एकीला दिसलेलं दुसरीला का दिसू नये?

कोण कधी बसतं

मी दोघींना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारला: या खोलीत तुम्ही कुठल्या वेळी असता?

काकू सकाळी दहानंतर हॉलमध्ये येतात. पेपर, भाजी निवडणं, दुपारी दिवाणावर आडवं होणं, मग चहा. संध्याकाळी देवापाशी समई लागेपर्यंत त्या घरातला एकही दिवा लावू देत नाहीत, त्यामुळे दिवेलागणीआधीची पंधरा-वीस मिनिटं हॉल चक्क अंधारत जातो आणि त्या तशाच बसून असतात. नऊच्या सुमारास त्या खोलीत निजायला जातात. सून सकाळी साडेसातला घर सोडते आणि रात्री साडेआठला परत येते. हॉलमधली तिची खरी वेळ नऊ ते साडेअकरा, पिवळसर दिव्यांत. रविवारी ती दिवसा घरी असते, पण रविवार स्वयंपाकघरात आणि मुलाच्या अभ्यासात जातो.

म्हणजे दोघींनी ती भिंत एका उजेडात एकत्र अशी पाहिलीच नव्हती. वाद रंगाचा वाटत होता, प्रत्यक्षात एक जण दुपारची भिंत सांगत होती आणि दुसरी रात्रीची.

फिक्या रंगाच्या बाबतीत हे एवढं टोकाला जात नाही. गडद रंगात का जातं, ते नीट सांगायला हवं, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. भिंतीवर पडलेल्या उजेडातला किती भाग परत येतो, त्याचा एक आकडा रंग कंपन्या देतात, शून्य ते शंभरच्या पट्टीवर. मोतियाचा साधारण ७५ असतो. जांभळाचा होता ७ आणि मोरपंखाचा ८. शिवाय कुठल्याही रंगाच्या अगदी वरच्या पापुद्र्यावरून साधारण ४ टक्के उजेड आत न शिरताच परततो. त्यावर रंगाचा काही संस्कार होत नाही. समोरचं आकाश, डोंगर, दिवा, जे असेल त्याचाच रंग तो घेऊन येतो. मोतिया भिंतीवर पंचाहत्तरात हे चार मिसळले तर कळतही नाही. गडद भिंतीवर सात-आठांत चार मिसळतात! तुम्ही जे बघता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा भाग डब्यातल्या रंगाचा नसतोच, तो खोलीचा असतो. म्हणून दोन इंचाचं कार्ड बघून फिका रंग ठरवलेला चालून जाईल, गडद रंग ठरवू नये असं माझं ठाम मत आहे.

प्लायचे दोन तुकडे

भिंतीवरच रंगाचे पट्टे मारून बघायचं सुनेच्या मनात होतं. मी थांबवलं. जवळजवळ मारलेले दोन पट्टे एकमेकांना बिघडवतात: जांभळाशेजारी मोरपंख जास्तच हिरवा दिसतो आणि मोरपंखाशेजारी जांभूळ जास्तच जांभळा. घरात शेवटी एकच रंग राहणार असतो, शेजारी दुसरा नसतो. भिंतीवर हे दोन रंग जोडीने पाहण्याची वेळ नंतर कधीच येत नाही, मग निवड तशी का करायची?

शेजारच्या रंगाचा हा प्रभाव फार जुना अभ्यासलेला आहे. पॅरिसमधल्या गोबेलीन्स या विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाची जबाबदारी मिशेल शेवरल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. विणकरांची तक्रार आली की काळा धागा फिका पडतो. शेवरलने धागा तपासला. रंगाईत काही खोट नव्हती. निळ्या आणि जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तो काळा मेल्यासारखा दिसत होता. त्यातून त्याने रंगांच्या परस्पर-विरोधाचा नियम मांडला आणि १८३९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तक्रार काळ्याचीच निघाली हे मला महत्त्वाचं वाटतं. गडद रंगाला शेजार सगळ्यात आधी बाधतो.

म्हणून आम्ही पातळ प्लायचे दोन तुकडे घेतले, प्रत्येकी २ फूट बाय ३ फूट. पेंटर काकांनी त्यांवर खऱ्या भिंतीवर करतात तसंच सगळं केलं: लांबी (पुट्टी), घासणी, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. नमुन्याच्या छोट्या डब्यांतला रंग पुरला. पूर्ण वाळायला चोवीस तास दिले, कारण इमल्शन ओलं असताना दुधाळ, फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. ओला रंग बघून "अरे, हा तर छान उजळ आहे" म्हणणारी घरं मी पाहिली आहेत, दुसऱ्या दिवशी त्यांचे चेहरे उतरलेले असतात. सगळा खर्च दीड हजाराच्या आत आला.

नियम एकच ठेवला: एका वेळी भिंतीला एकच फळी टेकवायची, दुसरी आतल्या खोलीत, पालथी.

दिवसभराची भिंत

मेच्या पहिल्या आठवड्यातल्या एका शनिवारी दोघींनी दिवसभर हॉलमध्ये थांबायचं कबूल केलं. सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत मीही तिथेच होते. जेवण काकूंनी घातलं, वालाचं बिरडं आणि सोलकढी.

सकाळी खिडकीतून ऊन नसतं, फक्त डोंगरावरच्या आकाशाचा उजेड असतो, थंड आणि निळसर. त्यात दोन्ही फळ्या जवळपास सारख्या. दुकानातही असंच झालं होतं. दुकानांतल्या ट्यूब बहुधा ६५०० केल्विनच्या (हा आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड निळसर, छोटा तेवढा पिवळसर), त्यांच्या उजेडात निळा भाग भरपूर. निळा भरपूर मिळाला की दोन्ही रंग आपापलं निळेपण पुढे करतात आणि झुकाव मागे राहतो. शेड कार्डावर दोघांत फरक न दिसण्याचं कारण हेच.

दुपारी एकच्या सुमारास वांगं आलं. जांभळाची फळी दिवाणाच्या वर टेकवलेली, खाली सागवानाचा तांबूस-पिवळा, दोन्ही बाजूंना मोतिया. सून दारातून आत आली आणि थांबली. "अय्या, खरंच की. हे मी कधी पाहिलंच नव्हतं." मी कपाटातली दोन पांढरी पलंगपोसं काढून घेतली, एक दिवाणावर टाकलं, दुसरं बाजूच्या मोतिया भिंतीवर धरलं. वांगं निम्म्याहून कमी झालं. पलंगपोस काढलं, परत आलं. पिवळ्याच्या शेजारी बसलेला काळपट रंग डोळ्याला निळा-जांभळा भासतो, आणि ज्या रंगात मुळातच जांभळेपण आहे तो तर फारच. दिवाण काकूंच्या लग्नातला, तो हलणार नव्हता. मोतिया भिंतीही राहणार होत्या. म्हणजे दुपारचं वांगं कायमचं होतं. मोरपंखाची फळी त्याच जागी शांत निळी दिसत होती, तिच्यातल्या हिरव्याला सागवानाने मागे रेटलं होतं.

साडेचारनंतर ऊन त्या भिंतीवर आलं, अगदी तिरपं. हे ऊन बघून सगळे खूश झाले, दोन्ही रंग त्यात सुंदर दिसतात. मी मात्र ते हिशेबात धरू दिलं नाही. ठाण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य भर दुपारीसुद्धा आपल्या उत्तरेला असतो, आणि जूनमध्ये तो पश्चिमेपासून साधारण २५ अंश उत्तरेला सरकून मावळतो. म्हणून पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन त्या महिन्यांत दक्षिणेच्या भिंतीवर पडतं. दिवाळीच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, ऊन समोरच्या उत्तरेच्या भिंतीवर जातं आणि आपल्या गडद भिंतीला मिळतो तो मोतियावरून उसळलेला ऊबदार उजेड. मेमधली ती सोनेरी भिंत वर्षातले काही महिनेच दिसणार होती, आणि त्यातलेही बरेच दिवस पावसाच्या ढगांत जाणार. परदेशी लेखांतून "उत्तरेचा उजेड थंड, दक्षिणेचा गरम" असे नियम लोक वाचून येतात. ते कर्कवृत्ताच्या पुष्कळ वरच्या देशांचे आहेत. १९ अंश उत्तर अक्षांशावरच्या ठाण्याला ते जसेच्या तसे लावू नयेत.

त्या तिरप्या उन्हाने एक काम मात्र केलं. भिंतीवरची जुन्या लांबीची प्रत्येक लाट उघडी पाडली. मोतियावर ती कधी कुणाच्या लक्षात आली नव्हती. पेंटर काकांनी तिथेच पेन्सिलीने गोल करून ठेवले.

साडेसहाच्या सुमारास सूर्य डोंगराआड गेला. सव्वासातला खोलीत एकही दिवा नाही, काकू देवघरात, आम्ही दोघी गप्प बसून फळ्या आलटून-पालटून लावत होतो. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. जांभूळ एकदम विझला, भिंतीत भोक पडल्यासारखा. मोरपंख उलट किंचित उजळ वाटायला लागला, पाण्यासारखा. उजेड कमी होत जातो तशी डोळ्याची लाल बाजूची जाण आधी मंदावते आणि निळ्या-हिरव्याची टिकून राहते. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२५ साली हे नोंदवलं, त्यावरून त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. काकूंना हे नाव माहीत असायचं कारण नव्हतं, पण समई लावून बाहेर येताच त्या म्हणाल्या, "मी रोज हेच बघते. म्हणून मला हा हवा."

त्या वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. उजवा डोळा झाकला की जांभूळ त्यांना नुसता काळा दिसतो, डावा झाकला की चांगला निळा-जांभळा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा उजेड अडवतं. नवं भिंग बसलं की तो पुन्हा आत येतो. म्हणजे वांगं त्यांना ऑपरेशननंतर जास्त दिसायला लागलं असणार, आणि दुसरं ऑपरेशन झालं की आणखी दिसेल. घरात वयस्कर माणूस असेल तर गडद निळ्याबद्दल बोलताना ही चौकशी मी आता न चुकता करते.

रात्री साडेनऊ. हॉलमधले दिवे ३००० केल्विनचे, पिवळसर. मोरपंखाची फळी लावली आणि काकू स्वतःच म्हणाल्या, "हो गं, फळाच दिसतोय. खडू तेवढा राहिला." पिवळसर दिव्यात निळा भाग तोकडा असतो. मोरपंखातल्या निळ्याला परत द्यायला काही मिळतच नाही, हिरवा तेवढा उरतो. जांभूळ त्याच दिव्यात काजळासारखा झाला होता, मऊ, खोल. खरं सांगायचं तर रात्रीच्या वेळी तो मोरपंखापेक्षा निःसंशय सरस होता. सुनेने तीन आठवडे हट्ट धरला होता तो याच भिंतीसाठी, आणि तो हट्ट चुकीचा नव्हता.

त्या रात्री वाद संपला होता, रंग अजून ठरला नव्हता. दोघींनी एकमेकींची भिंत पाहिली होती.

निवड कशावर केली

माझा कौल मोरपंखाला होता. तो काकूंच्या वयाला मान म्हणून दिलेला नव्हता, आणि त्या खोलीत जास्त तास बसतात म्हणूनही नव्हता, जरी तेही खरं आहे. कारण असं: दुपारचं वांगं आकाश, डोंगर, सागवान आणि मोतिया या चौघांनी मिळून केलं होतं आणि त्यातलं काहीच बदलता येणार नव्हतं. रात्रीचा फळा पिवळसर दिव्यांनी केला होता. दिवे बदलता येतात. जो उजेड आपल्या हातात नाही त्याला धरून रंग घ्यावा आणि जो आहे तो रंगाप्रमाणे जुळवावा, असं मी सुनेपुढे मांडलं.

तिने लगेच मान्य केलं नाही, आणि तिचा आक्षेप योग्य होता. पांढरे दिवे लावले की हॉल दुकानासारखा दिसतो, दिवसभर ऑफिसात तोच उजेड असतो, घरी तरी नको. मग आम्ही मधला मार्ग करून पाहिला. भिंतीवर उजेड टाकणारे छतातले दोन दिवे तेवढे ४००० केल्विनचे घेतले, रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक ९० च्या वर असलेले, खोक्यावर तो छापलेला असतो. सोफ्यावरचा तिसरा दिवा आणि कोपऱ्यातला उभा दिवा पिवळसरच ठेवला. एका खोलीत दोन तऱ्हांचे दिवे एरवी मला आवडत नाहीत, डोळ्याला खटकतात. इथे खटकले नाहीत, कारण गडद भिंत आपल्यावर पडलेला बहुतेक उजेड गिळते, तो खोलीत पसरतच नाही. माणसं पिवळसर उजेडात बसतात, भिंत आपल्या उजेडात राहते.

सुनेने फळी चार रात्री बघितली. पाचव्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला: "फळा गेला. घ्या आईंचाच."

पावसाने दाखवलेली खोट

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण मेचा दुसरा आठवडा उजाडला होता आणि पेंटर काका गावी गेले, संगमेश्वरला. घरचं लग्न, मग आंबे, मग पेरणीची तयारी. दुसरा माणूस घ्यायला काकू तयार नव्हत्या, मीही आग्रह केला नाही. ते परतले तेव्हा पाऊस सुरू झाला होता, आणि भर पावसात आतलं कामसुद्धा मी घेत नाही. हवेत एवढी ओल असताना दोन हातांमध्ये रंग नीट वाळत नाही.

जुलैत सुनेने फोटो पाठवला. त्याच दक्षिणेच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात, छताला लागून, पावसाळी नकाशासारखा ओलीचा डाग, आणि त्याच्या कडेने पांढरा क्षार फुटलेला. मोतियावर तो फिकट होता. गडद निळ्यावर तो पिठासारखा उठून दिसला असता, रंगाचे पोपडे आले असते आणि सगळा दोष रंगावर गेला असता. मेमध्ये काम झालं नाही हे बरं झालं, पण ही गोष्ट मी आधी पाहायला हवी होती. भिंत इमारतीच्या बाहेरच्या अंगाची होती, हे माझ्या मापाच्या कागदावर लिहिलेलंही होतं. आता बाहेरच्या अंगाची भिंत असेल तर गडद रंगाचा विचार एका पावसाळ्यानंतरच करायला सांगते.

सोसायटीने ऑगस्टच्या उघडिपीत दोर लावून माणूस उतरवला. बाहेरच्या प्लास्टरमध्ये बीमच्या खाली केसासारखी भेग होती, ती भरून घेतली. आतला फुगलेला भाग खरवडून उघडा ठेवला आणि सप्टेंबरअखेरपर्यंत तसाच सुकू दिला. त्या काळात मोरपंखाची फळी हॉलमध्येच होती. येऊरचा डोंगर हिरवागार झाल्यावर दुपारची भिंत कशी दिसते, ते कळावं म्हणून. मेपेक्षा ती किंचित हिरवट दिसली, डोंगराचा हिरवा उजेडच तिच्यावर येत होता. काकूंना ते आवडलं. सून म्हणाली, चालेल.

काम दसरा झाल्यावर ऑक्टोबरमध्ये केलं. भिंत पूर्ण घासली, पेन्सिलीचे गोल होते तिथे लांबी पुन्हा भरली, आणि रात्री मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरत प्रत्येक फूट तपासला. मग पांढऱ्याऐवजी राखाडी प्रायमर: पेंटर काकांनी प्रायमरमध्येच काळा स्टेनर, म्हणजे छटा देणारं द्रव, घातला. गडद रंग ज्या बेसमध्ये, म्हणजे छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, बनतो त्यात पांढरा टिटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ नसतो, त्यामुळे त्याची झाकण्याची ताकद कमी. पांढऱ्या प्रायमरवर चार हात लागले असते, राखाडीवर तीनमध्ये भागलं. पहिला हात ढगाळ, डागाळ दिसला. सुनेचा फोन आलाच, तिला सांगितलं की तिसऱ्या हातापर्यंत फोटोही काढू नको. १ लिटरचे दोन डबे आणले होते, ते एका बादलीत एकत्र करूनच वापरले, म्हणजे दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनमध्ये थेंबाचा फरक झाला असला तरी भिंतीच्या मध्यावर जोड दिसणार नाही.

चमक किती ठेवायची यावर थोडी चर्चा झाली. अगदी मॅट सगळ्यात देखणा, वरच्या पापुद्र्याची झळाळी त्यात विखुरते आणि रंग खोल दिसतो. पण गडद मॅटवर हात घासला तरी चकचकीत पट्टा उठतो, आणि दिवाणावर बसणारं माणूस डोकं भिंतीलाच टेकतं. काकूंच्या केसांना रोज खोबरेल असतं. शेवटी पुसता येईल असा, अगदी मंद चमकीचा घेतला. चमकीवर लाटा उठून दिसतात, त्यासाठीच ती टॉर्चची तपासणी इतकी कडक केली होती.

दिवाळीआधी आठ दिवस दिवाण पुन्हा जागेवर आला. काकूंनी तो स्वतःहून भिंतीपासून चार बोटं पुढे घेतला आणि पाठीला तीन लोड लावले. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून माळ्यावर ठेवलाय. बरणीवर शेडचा क्रमांक, बेस, चमक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी आहे. गडद भिंतीवर नंतर दुसऱ्या डब्यातून केलेली डागडुजी हमखास दिसते, तेव्हा हीच वापरायची. काकूंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत आहे. वरचा कोपरा बघायला मी जुलैत जाणार आहे, पहिला जोराचा पाऊस चार दिवस पडून गेल्यावर.